अक्कानं लिंबू कापलं नव्हतं

आत्या,

इंदूर संस्थानची फौज मोडली तेव्हा आजोबांच्या नावावर एक तबेला उरला आणि त्या तबेल्यात आमचं सगळं घर मावलं. तू तोवर लग्न होऊन नदीपलीकडे गेली होतीस, दोन मजली घरात. घोडा गेला, त्याच्या जागी आईची चूल आली. घोडा बांधायची लोखंडी कडी आबांनी भिंतीतून कधी काढली नाही. पावसाळ्यात आम्ही तिला दोरी बांधून कपडे वाळत घालायचो. शिलेदाराचा मुलगा पोलोग्राउंडच्या कारखान्यात लोखंड घासायचा आणि संध्याकाळी छत्रीबागेच्या गल्लीत शिरताना दोन्ही हात पाठीमागे बांधून चालायचा. लोकांना वाटे, काय रुबाब आहे. काळी झालेली बोटं लपवत होते आबा. आई लोकांची पोलकी शिवायची, तीही मशीनखाली गोधडी घालून, म्हणजे शेजारी आवाज जायला नको. दोन्ही वेळा मक्याची भाकरी आणि लसणाची चटणी. तरी दारात कोणी आलं की आबा आतून ओरडायचे, "जेवून जा हो, आज जरा साधंच आहे!"

अशा घरात आम्ही दोन मुली. मी आठ वर्षांची, अक्का तेराची. आबांना झोप येत नव्हती ती आमच्या लग्नांच्या काळजीनं. तेव्हा तू आलीस. बसलीसुद्धा नाहीस. "भाऊ, सुशी माझी, बापूसाठी. आणि ही छोटी माधवसाठी. तुझ्या पोरी दुसऱ्याच्या दारात कशाला जातील? मी मेली नाही अजून."

हुंडा नाही, मानपान नाही. मामाची मुलगी, हक्काची सून. आबा माझ्यासमोर रडले ते तेवढ्याच वेळी. आई मरेपर्यंत म्हणायची की त्या दिवशी तू आम्हाला तारलंस. मीही म्हणत होते, अक्काचं पहिलं बाळंतपण होईपर्यंत.

आज तुला जाऊन सतरा दिवस झाले. लोक येतात, तुझं कौतुक करतात, मी चहा देते. ते बोलतात ते सगळं खरं आहे, म्हणून मला जास्त राग येतो. तू वाईट बाई असतीस तर हे लिहायला बसलेच नसते.

मध्यप्रदेश झाला त्या हिवाळ्यात अक्काचं लग्न झालं. दीड वर्षानं मुलगा झाला. मी बाहेर ओट्यावर होते. दाई हात पुसत आली आणि तुला म्हणाली, "बाई, छोरो हे. पण माथो जरा नानो हे." तू तिच्यावरच धावलीस, "तूच दाबलं असेल! नीट काढता येत नाही तर येते कशाला?"

डोकं मोसंबीएवढं. कपाळ भुवयांपासून लगेच मागे गेलेलं. डोळे मात्र मोठे, सुंदर, आणि कुठेच न बघणारे. तू रोज कोमट तेलानं त्याचं डोकं चोळायचीस, तासन्‌तास, वाढेल म्हणून. हे मी विसरले नाही. त्याला झटका आला की सगळ्यांच्या आधी तू धावायचीस, तोंडात बोट घालून जीभ धरायचीस. तुझ्या त्या बोटावर त्याच्या कोवळ्या दातांचे वण होते. तेरा महिने जगला तो. शेवटी त्याला मातीत ठेवून बापूदाजी घरी आले, तेव्हा तू अक्काच्या आधी कोसळलीस.

पण तेरा महिने तू त्याच्या आईला एकच प्रश्न विचारलास. ग्रहणात काय केलं?

सातव्या महिन्यात सकाळचं ग्रहण लागलं होतं. अक्का त्या वेळात खोलीच्या मधोमध मांडीवर हात ठेवून बसली होती, पाणीसुद्धा न पिता. मी शेजारी होते, मी पाहिलं होतं. तू नव्हतीस, तू नदीवर होतीस. "काही कापलं का? काही चिरलं? गाठ मारली? आठव, सुशे, आठव." सकाळी दूध तापवताना. दुपारी गहू निवडताना. पाहुण्यांसमोर, दाजींसमोर. अक्का म्हणायची, नाही. दुसऱ्या दिवशी तू परत विचारायचीस.

एक दिवस ती म्हणाली, "हो. लिंबू कापलं."

तुझा चेहरा मला अजून आठवतो. सुटल्यासारखा. तू गल्लीभर सांगितलंस, पोरगी नादान, ग्रहणात लिंबू कापून बसली. मी अक्काला नदीच्या घाटावर पकडलं. "अक्का, लिंबू कधी कापलंस तू? मी होते ना तिथे."

ती धुणं पिळत राहिली. "नाही कापलं गं. पण आता ती विचारत नाही."

त्या दिवसापासून अक्कानं लिंबू खाल्लं नाही. इंदूरात राहून पोह्यावर लिंबू न पिळणारी बाई! लोक हसायचे. तू हसत नव्हतीस. तू म्हणायचीस, चांगलं आहे, पापाची आठवण राहते.

मग शैला झाली, धडधाकट. तू पेढे वाटलेस. म्हणालीस, बघा, या वेळी मी हिला नीट सांभाळलं. आणि दोन वर्षांनी पुन्हा मुलगी, पुन्हा तेच मोसंबीएवढं डोकं. या वेळी ग्रहण नव्हतं. तुझी जरा पंचाईत झाली, पण फार नाही. तू म्हणालीस, एकदा कापलेलं दोन बाळंतपणं पुरतं.

आता माझ्या कॉलेजबद्दल. ते तुझ्यामुळे झालं, आणि हे मी कोणापुढेही नाकारणार नाही. मॅट्रिकनंतर आबा म्हणाले, बस झालं. तू म्हणालीस, "माधव बी.ए. करतोय, त्याला अंगठाछाप बायको आणू का? माझ्यासारखी?" फॉर्म भरायला तूच माझ्याबरोबर आलीस, नऊवारी, डोक्यावर पदर, पायात माधवची चप्पल कारण तुझी तुटली होती. बाबूनं विचारलं, "पालक कौन है?" तू म्हणालीस, "मैं हूँ. दिखती नहीं क्या?" माझ्या कॉलेजच्या फॉर्मवर पालक म्हणून तुझा अंगठा आहे. आपल्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मुलगी मी, आणि ती पायरी तू चढवलीस. आपल्या सुनेला. आपल्यासाठी.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी सरांनी फळ्यावर वाटाण्यांची चौकट काढली. उंच, बुटके. दडलेला गुण कसा दोन पिढ्या दिसत नाही आणि मग दोन्हीकडून एकत्र आला की उघडा पडतो. पुस्तकात खाली एक ओळ होती, जवळच्या नात्यातल्या लग्नांबद्दल. मी उभी राहिले. "सर, मामाच्या मुलीशी लग्न केलं तर?"

मागून कोणी तरी बोललं, "भिया, मामा कौन है इनके?" सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी मला तासानंतर थांबवलं आणि सरकारी दवाखान्यातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे चिठ्ठी दिली.

त्या बाई मुंबईहून शिकून आल्या होत्या आणि फार बोलत नव्हत्या. मी अक्काच्या मुलीला घेऊन गेले, तुला देवळात जाते सांगून. त्यांनी टेपनं तिचं डोकं मोजलं, अगदी आईच्या शिवणाच्या टेपसारखा टेप. मी विचारलं, डोकं दाबलं गेलं म्हणून मेंदू लहान राहिला का? त्या म्हणाल्या, "उलट आहे. कवटी मेंदूच्या मागे वाढते. पोटात असतानाच मेंदू वाढला नाही, म्हणून कवटी वाढली नाही. तेल चोळून काही होणार नाही. दाईचाही दोष नाही."

"आणि ग्रहण?"

"ग्रहण कितव्या महिन्यात लागलं होतं म्हणालीस? सातव्या? हे तर मूल पोटात राहिलं त्या दिवशीच ठरलं होतं."

मी विचारलं, रक्त तपासून दाखवता येईल का, आत्याला पुरावा लागेल. त्या म्हणाल्या, अशी तपासणी नाही आज. दुसरी कारणंही असतात, आईला ताप येतो, काही आजार होतो. पण तसं काही झालेलं नाही आणि एकाच जोडप्याची दोन मुलं हुबेहूब अशी आहेत, तेव्हा वंशावळ काढ. बाई असेल तिथे गोल, बाप्या असेल तिथे चौकोन, असं मूल असेल ते काळं कर. कागदच बोलेल.

मी आलेख-कागदावर घर काढलं. चार संध्याकाळ लागल्या. अक्का आणि दाजी, आतेभाऊ-मामेबहीण. तू आणि आतोबा, तेही आतेभाऊ-मामेबहीण. तुझी सासू तुझी सख्खी आत्या. आजोबांची आईसुद्धा आतोबांच्याच घराण्यातली. रेघा इकडून निघायच्या आणि फिरून तिथेच यायच्या. खाली दोन काळे, एक चौकोन, एक गोल. आणि माझ्या गोलापासून माधवच्या चौकोनाकडे मी पेन्सिलनं एक तुटक रेघ काढली, कारण अक्षयतृतीयेला आमचा साखरपुडा ठरला होता.

त्या दुपारी तू अंगणात चिंचा फोडत बसली होतीस. मी कागद घेऊन समोर बसले. आवाज चढवायचा नाही असं ठरवून आले होते. पहिल्या दोन मिनिटांत चढला.

"आत्या, अक्कानं काही केलेलं नाही."

"परत तेच? कॉलेजात हेच शिकवतात का?"

"हेच शिकवतात." मी तुझ्याच परातीतले चिंचोके उचलले. "बघ. प्रत्येक माणसाजवळ दोन. एक आईनं दिलेला, एक बापानं. मूल होतं तेव्हा दोघं आपापल्या दोनांतला एक देतात, डोळे मिटून. एखादा चिंचोका आतून किडका असतो, वरून कळत नाही. एकच किडका आला तर काही होत नाही, दुसरा निभावून नेतो. दोन्ही किडके आले तर पोटात मेंदू वाढत नाही."

"म्हणजे सुशीचा किडका आहे."

"सुशीचा एक, बापूदाजींचा एक! दोघांचा लागतो. आणि दाजींना कोणी दिला? तू किंवा आतोबांनी. अक्काला आबांनी दिला. तुम्हा सगळ्यांकडे कुठून आला? एकाच झाडाची चिंच आहे ही."

"बाहेरच्यांकडे किडके नसतात?"

"असतात. पण त्यांचे वेगळ्या जागचे. एकाच जागचे दोन गाठ पडत नाहीत सहसा. आपण मुद्दाम गाठ पाडतो, आणि वर पेढे वाटतो."

"मग माझे दोन कसे झाले?" तू जिंकल्यासारखी हसलीस. "बापूला बघ, माधवला बघ. डोकी काय माठासारखी!"

"चारांतलं एखादं होतं, आत्या. प्रत्येक वेळी नाही."

तू चिंचेनं चिकट झालेले हात पदराला पुसलेस आणि कागद ओढून घेतलास. "ही काय ठिपक्यांची रांगोळी?"

"आपलं घर आहे. हा गोल तू. हे आतोबा. हे दाजी, हा माधव."

"काळा म्हणजे?"

"ज्याचं डोकं वाढलं नाही तो."

तुला अक्षर येत नव्हतं, पण रांगोळी तुझ्याइतकी गल्लीत कोणाला येत नव्हती. तुझं बोट रेघांवरून फिरलं, वरून खाली, परत वर. मग दाजींच्या चौकोनाच्या डाव्या बाजूला, कोऱ्या जागेवर थांबलं.

"इथं एक राहिला."

मला कळलंच नाही.

"बापूच्या आधी. नऊ दिवस होता. चौकोन काढ." मग म्हणालीस, "काळा कर."

अंगणात कोणी नव्हतं. तू हळू आवाजात बोललीस, चिंच फोडायचं थांबवलं नाहीस. तुझी सासू म्हणाली होती, ग्रहणात सुपारी कातरलीस. रोज विचारायची. मी विचारलं, "कातरली होतीस?"

"नव्हती बहुतेक." तू म्हणालीस. "इतक्यांदा हो म्हटलं, शकू, की आता माझ्या हातात अडकित्ता दिसतो मला."

माझ्या रागाची मुळं इथे आहेत, आत्या. अडाणीपणाचा राग मला नाही, आपण सगळेच अडाणी होतो. तुला माहीत होतं याचा राग आहे. तुझ्या मांडीवर तसंच डोकं नऊ दिवस होतं. दाई म्हणाली 'माथो नानो' तेव्हा तुला दुसऱ्यांदा ऐकू आलं ते. तरी तू दाईवर धावलीस, मग अक्कावर. जे तुझ्याकडून वदवून घेतलं गेलं, तेच तू तिच्याकडून वदवून घेतलंस, त्याच प्रश्नानं. आणि ती 'हो' म्हणाली तेव्हा तू सुटलीस, कारण लिंबू खरं असेल तर सुपारीही खरी.

मी उठले. म्हटलं, आत्ता जाऊन अक्काला सांगते.

तू माझं मनगट धरलंस. "सुशीला नको. मी आहे तोवर नको."

"का?"

"ती मला सासू म्हणते, शकू. उद्यापासून काय म्हणेल?"

मी हात सोडवला. मग तू तुटक रेघेवर बोट ठेवलंस. तेवढ्यात तुला ती कशाची आहे तेही कळलं होतं. "ही पुसते. माधवचं तुझ्याशी नाही करणार. या घरात आता मामाची मुलगी नाही. पण तू तोंड उघडायचं नाही."

तू सौदा केलास. मी तो घेतला. मी वीस वर्षांची होते आणि मला मोसंबीएवढी डोकी दिसत होती, माझ्या मांडीवर. मी रबर काढून ती रेघ तुझ्यासमोर पुसली आणि अक्काला विकलं. हेही लिहिते, कारण सगळा राग तुझ्या एकटीच्या डोक्यावर घालायला मी तू नाही.

तू शब्द पाळलास. भावकी बसली होती, तिच्यासमोर म्हणालीस, "साखरपुडा नाही. यापुढे आपल्यात मामाची मुलगी करायची नाही." आतोबा ओरडले, आबांनी आठ दिवस अन्न टाकलं, माधव सुटल्यासारखा दिसला. कारण विचारलं तेव्हा तू कारण सांगितलं नाहीस. "माझी मर्जी." लोकांनी आपलं आपण कारण शोधलं. पोरगी फार शिकली, आत्यानं ठेवून घेतली नाही. गल्लीत हे तू ऐकलंस आणि खोडून काढलं नाहीस. एकदाही नाही. पुढे मला स्थळं आली, विचारपूस झाली, गेली. मी मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवते, माझ्या पायावर उभी आहे, कोणाच्या उपकारात नाही. पण तुझं एक वाक्य तेव्हा पुरलं असतं.

नऊ वर्षं झाली त्याला. अक्काची ती मुलगीही गेली, तिसरं लागलं होतं तेव्हा. अक्कानं मूल पुन्हा होऊ दिलं नाही. ग्रहण लागलं की शैलाला पोटाशी घेऊन बसायची, तिचे दोन्ही हात धरून. मी समोर असायचे, प्राणिशास्त्राची पदवीधर. गप्प. शेवटच्या वर्षी तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा तुझं सगळं अक्कानं केलं. तुझी वेणी घालायची ती. मी तुझ्या उशाशी बसून डोळ्यांनी सांगायचे, आता तरी सांग तिला, तू सांग, माझ्या तोंडून नको. तुला कळायचं. तू तोंड भिंतीकडे फिरवायचीस.

दहाव्याला कावळा लगेच शिवला. सगळे म्हणाले, म्हातारीचं काही राहिलं नव्हतं. मला तिथेच ओरडावंसं वाटलं. तुझं राहिलं नव्हतं?

चौदाव्या दिवशी पाहुणे गेल्यावर मी अक्कापुढे तो कागद ठेवला. पिवळा पडलाय, घड्यांवर फाटलाय. चिंचोके नव्हते, शेंगदाण्यांवर समजावलं. ती निमूट ऐकत होती. मग मी तुझ्या नऊ दिवसांच्या मुलाच्या चौकोनावर बोट ठेवलं आणि सुपारीचं सांगितलं.

ती तुझ्यावर नाही, माझ्यावर उसळली. "नऊ वर्षं, शके? नऊ? तू रोज माझ्या घरी जेवत होतीस!" तिनं मला घराबाहेर काढलं. अक्कानं. जिनं उभ्या जन्मात आवाज चढवला नव्हता. मला बरं वाटलं, आत्या, खरं सांगते. तो आवाज तुझ्यासारखा होता.

दोन दिवस तिनं दार उघडलं नाही. काल तिनंच निरोप पाठवला. गेले तर भावकीतल्या चारपाच बायका बसलेल्या, माधवची बायको, दाजी, आणि बारा वर्षांची शैला. मधोमध तो कागद. अक्का मला बस म्हणाली नाही. तिनं शैलाला जवळ ओढलं आणि बोट ठेवून सगळ्यांना सांगायला लागली. "ही आत्याबाई. हे तिचं पहिलं मूल. ही मी. ही माझी दोन." चुकली कुठेच नाही. कोणी तरी म्हातारी म्हणाली, पण ते ग्रहणातलं लिंबू? अक्का म्हणाली, "मी लिंबू कापलं नव्हतं. मी खोटं बोलले होते. सासूबाईंनी सुपारी कातरली नव्हती. त्याही खोटं बोलल्या होत्या." मग शैलाला म्हणाली, "तुझ्याजवळही असेल एखादा किडका दाणा. काही होत नाही त्यानं. फक्त आपल्यात द्यायची नाही तुला."

म्हणजे तुझंही नाव तिनंच सोडवलं. मला ते जमलं नसतं. मी अजून रागावलेलीच आहे तुझ्यावर, आणि हा राग माझ्या पदवीइतकाच तू दिलेला आहे, तो मी ठेवणार आहे.

तुला कळावं म्हणून एवढंच. माधवची बायको धारची, आपल्या कोणाच्या नात्यातली नाही. त्याच्या तिन्ही मुलांची डोकी मी आईच्या टेपनं मोजली आहेत. तिन्ही बराबर आहेत. आपल्या घरात त्या दिवसानंतर मामाची मुलगी कोणी केलेली नाही. आणि अक्कानं लिंबू कापलं नव्हतं, हे आता सगळ्यांना माहीत आहे.